नाचण्यासाठी शिवलेले कपडे

डिस्कोचा पोशाख म्हटला की हल्ली ऑनलाइन एक ठरावीक पाकीट मिळतं. चकचकीत सॅटिनचा जंपसूट, कुरळ्या केसांचा फुगलेला टोप, ताऱ्याच्या आकाराचा प्लास्टिकचा गॉगल, गळ्यात शांतिचिन्हाचं लॉकेट आणि कपाळाला पट्टी. सोसायटीची रेट्रो नाइट असो, ऑफिसातला वेशभूषेचा दिवस असो की माजी विद्यार्थ्यांचं संमेलन, बहुतेक जण हेच मागवून मोकळे होतात. मी हौशी नाटकांची वेशभूषा करते आणि अधूनमधून अशा कार्यक्रमांचं कामही माझ्याकडे येतं. त्या पाकिटाच्या स्वस्तपणाबद्दल माझं काही म्हणणं नाही. स्वस्तात उत्तम पोशाख होतात, आमच्या एकांकिका सगळ्या तशाच उभ्या राहतात. माझी तक्रार वेगळी आहे. ते घालून नाचता येत नाही. काखेत आवळतं, मांडीला अडकतं, टोप घसरतो. आणि डिस्को ही तर पहिल्यापासून शेवटपर्यंत नाचाची गोष्ट. त्या काळातल्या कपड्यांची कापणी, वीण, कडा, अगदी बुटांचे तळवेसुद्धा या एका कामासाठी घडलेले. हे लक्षात आलं की पोशाख करण्याची सगळी पद्धतच बदलते.

सुरुवात कुठून झाली हे एका जागेवर बोट ठेवून सांगणं कठीण, पण मला विचाराल तर मी न्यूयॉर्कमधला ६४७ ब्रॉडवे हा पत्ता सांगेन. डेव्हिड मॅन्क्युसो नावाचा तरुण तिथल्या गोदामवजा जागेत राहायचा. १४ फेब्रुवारी १९७० च्या रात्री त्याने निमंत्रितांसाठी नाचाची मैफल ठेवली आणि पुढे ती 'द लॉफ्ट' म्हणून ओळखली जाऊ लागली. तिथे दारू विकली जात नसे. अतिशय उत्तम ध्वनियंत्रणा, रंगीत फुगे, आरशांचा गोळा आणि रात्रभर नाचणारी माणसं. कृष्णवर्णीय, प्वेर्तो रिकोहून आलेल्या घरांतली, गोरी. त्यांत समलिंगी पुरुष पुष्कळ. स्टोनवॉल इन या बारवरची पोलिसांची धाड आणि तिथला उठाव जून १९६९ मधला, म्हणजे अगदी अलीकडचा. दोन पुरुष एकमेकांसोबत नाचताना दिसले की पोलीस येणार, या धास्तीत जगलेल्या माणसांना अशी एक खोली मिळाली होती जिथे नुसतं नाचायचं होतं. तिथले कपडे साधे असत. पहाटेपर्यंत घाम गाळायचा तर अंगात हलकं, सुटसुटीत काहीतरी हवं. डिस्कोचा पहिला पोशाख हा असा, झगमगाटाशिवायचा. मला तो फार जवळचा वाटतो, आणि कुणी विचारलं की 'अजिबात खर्च न करता काय घालू' तर मी हाच सुचवते: अंगासरशी बनियनवजा टी-शर्ट, कमरेत उंच जीन्स, पायात कॅनव्हासचे बूट.

झगमगाट आला तो मुख्यतः मॅनहॅटनच्या ५४ व्या रस्त्यावरून. १९२७ मध्ये ऑपेरासाठी बांधलेलं एक थिएटर, जे पुढे सीबीएसचा टीव्ही स्टुडिओ झालं, ते स्टीव्ह रुबेल आणि इयन श्रेगर यांनी घेतलं आणि २६ एप्रिल १९७७ ला तिथे 'स्टुडिओ ५४' उघडला. दाराबाहेर मखमली दोर लावलेला. रुबेल स्वतः उभा राहून गर्दीतून माणसं निवडायचा. तिकिटाचे पैसे खिशात असून चालत नसे. काय घातलंय आणि ते कसं मिरवलंय यावर आत जाणं ठरे. आत छायाचित्रकार होते, म्हणून आज आपल्या डोळ्यांसमोर येणारी डिस्कोची चित्रं बहुतेक याच एका इमारतीतली. क्लब उघडल्यानंतर आठवडाभरातच गायक मिक जॅगरची तेव्हाची पत्नी बियांका जॅगर तिथे तिच्या वाढदिवसाच्या मेजवानीत पांढऱ्या घोड्यावर बसली, अंगात हॅल्स्टन या डिझायनरने केलेला लाल पोशाख. ते छायाचित्र जगभर गेलं. मूळचा क्लब १९८० च्या फेब्रुवारीत बंदसुद्धा झाला. तीन वर्षंही पुरती झाली नाहीत.

त्या लाल पोशाखाकडे मात्र नीट बघायला हवं. रॉय हॅल्स्टन फ्रॉविक हा मुळात टोप्या करणारा माणूस. १९६१ मध्ये केनेडींच्या शपथविधीला जॅकलीन केनेडींनी घातलेली ती गोल, चपटी टोपी त्याचीच. पुढे त्याने कपडे करायला घेतले तेव्हा त्यातून जवळजवळ सगळं काढून टाकलं. अस्तर नको, चेन नको, बटणं कमीत कमी, शिवणी जितक्या टाळता येतील तितक्या टाळायच्या. कापड उरेब कापायचं, म्हणजे उभ्या-आडव्या धाग्यांच्या तिरकस. तसं कापलं की कापडाला आपोआप लवचीकपणा येतो. ते अंगाला चिकटत नाही आणि अंगापासून सुटतही नाही. मानेमागे एक गाठ, पाठ उघडी, आणि खाली सगळं वजनाने लोंबणारं. बाई चालली की कापड अर्धा क्षण मागे राहतं आणि मग येऊन मिळतं. गिरकी घेतली की घेर उघडतो, थांबली की पायांभोवती हळूच गुंडाळतो. उभ्याउभ्या बघितलं तर त्या पोशाखात बघण्यासारखं काहीच नसतं, हे मला त्याचं सगळ्यात मोठं यश वाटतं. सोबत दागिना एकच. एल्सा पेरेत्ती यांनी घडवलेलं चांदीचं कडं, मनगटाच्या हाडाच्या आकाराला बसणारं. दुसरं काही नाही.

हॅल्स्टनचं नाव सगळे घेतात. स्टीफन बरोज यांचं फार कमी जण घेतात, आणि मला त्याची रुखरुख आहे. नेवार्कमध्ये वाढलेला हा कृष्णवर्णीय डिझायनर स्वतः नाचवेडा होता आणि ते त्याच्या कपड्यांत दिसतं. पातळ जर्सीचे, दोन-तीन भडक रंग शेजारी ठेवलेले पोशाख, शिवणी लपवायच्या ऐवजी वेगळ्या रंगाच्या दोऱ्याने दाखवलेल्या. आणि त्याची ती प्रसिद्ध लहरती कड. ती करायची पद्धत घरच्या मशीनवर जमण्यासारखी आहे, म्हणून सांगते. ताणणारं होजिअरी कापड घ्यायचं, झिगझॅग टाका अगदी जवळजवळ ठेवायचा आणि कडेवरून मशीन चालवताना कापड दोन्ही हातांनी ताणून धरायचं. हात सोडला की कड आक्रसून सॅलडच्या पानासारखी लहरत उठते. नाचताना ती कड सतत हलत राहते. दहा मिनिटांचं काम आहे, आणि दुकानातली कुठलीही लेस तिची बरोबरी करू शकत नाही. फक्त सुई गोल टोकाची लावा, नाहीतर टाके सुटतात.

२८ नोव्हेंबर १९७३ ला व्हर्सायच्या राजवाड्यात पाच फ्रेंच आणि पाच अमेरिकन डिझायनरांचा एकत्र कार्यक्रम झाला. राजवाड्याच्या दुरुस्तीसाठी निधी उभारायचा होता. फ्रेंचांनी मोठमोठी नेपथ्यं उभारली होती. अमेरिकनांकडे जवळपास रिकामं व्यासपीठ, ध्वनिमुद्रित संगीत, आणि मॉडेलांमध्ये कृष्णवर्णीय तरुणी मोठ्या संख्येने. हॅल्स्टन आणि बरोज दोघेही त्या पाचांत होते. त्या मुली कपडे दाखवत नुसत्या चालल्या नाहीत, त्या सुरावर हलल्या, वळल्या, आणि पॅरिसच्या प्रेक्षकांनी त्यांना डोक्यावर घेतलं. डिस्कोची पोशाखकला जगाने गंभीरपणे बघितली ती त्या रात्री, असं मी मानते. क्लबांची नावं वर्तमानपत्रांत झळकण्याच्या कितीतरी आधी.

त्याच सुमारास, १९७४ मध्ये, डायन फॉन फुर्स्टनबर्ग यांनी जर्सीचा गुंडाळून बांधायचा ड्रेस आणला. पुढून एकावर एक पदर, कमरेला बंद. दोन वर्षांत दहा लाखांवर खपला. सकाळी ऑफिस, रात्री नाच, मध्ये कपडे बदलायची गरज नाही. रेट्रो कार्यक्रमाला थेट कामावरून जाणाऱ्या मैत्रिणींसाठी याहून सोपा आणि याहून अस्सल पोशाख मला माहीत नाही.

आता पांढरा सूट. त्याला टाळून पुढे जाता येणार नाही.

डिसेंबर १९७७ मध्ये 'सॅटरडे नाइट फीव्हर' आला आणि जॉन ट्रॅव्होल्टाचा तीनपदरी पांढरा सूट, आत काळा शर्ट, कॉलर कोटावरून बाहेर काढलेली, हे चित्र डिस्कोची खूणच होऊन बसलं. सिनेमाची गोष्ट ज्या मासिकातल्या लेखावरून घेतली होती, तो लेख आपण बराचसा मनाने रचला होता असं त्याचे लेखक निक कोन यांनी पुढे उघड सांगितलं. गोष्ट रचलेली निघाली, सूट मात्र खरा. वेशभूषाकार पॅट्रिझिया फॉन ब्रँडेनस्टाइन यांनी तो ब्रुकलिनमधल्या साध्या दुकानातून, टांगलेल्या तयार कपड्यांतून घेतला. त्यामागचा विचार मला वेशभूषेच्या धड्यासारखा वाटतो. सिनेमातला नायक टोनी हा रंगाच्या दुकानात काम करणारा पोरगा. आठवड्याच्या पगारात त्याला जे परवडेल तेच त्याच्या अंगावर हवं. म्हणून पॉलिएस्टर. आणि काळोख्या, लालसर क्लबमध्ये काळा सूट कॅमेऱ्याला दिसलाच नसता. म्हणून पांढरा.

पॉलिएस्टरला आज आपण नाक मुरडतो, पण त्या पोराच्या जागी उभं राहून बघा. इस्त्री लागत नाही. पँटची घडी धुतल्यावरही तशीच राहते. रंग उतरत नाही. रात्रभर नाचून, घरी येऊन धुऊन टांगला की पुढच्या शनिवारी पुन्हा तयार. तलम रेशमी शर्टाचा रुबाब हवा असेल तर ड्युपाँट कंपनीने १९६८ मध्ये बाजारात आणलेलं क्यिआना नावाचं नायलॉन होतं, दिसायला आणि ओघळायला रेशमासारखं. आधी ते पॅरिसच्या बड्या फॅशनघरांकडे गेलं, आणि सत्तरीच्या उत्तरार्धात लांब टोकांच्या कॉलरचे, छापील नक्षीचे शर्ट होऊन सामान्य पोरांच्या अंगावर आलं. हे कपडे श्वास घेत नाहीत, घाम शोषत नाहीत, हे खरं. छातीपर्यंत उघडी बटणं ही नुसती ऐट नव्हती, आत उकडत असे. आठवडाभर दुसऱ्याच्या हुकमाखाली राबणाऱ्या माणसाला शनिवारच्या एका रात्रीसाठी राजासारखं दिसायची संधी या कृत्रिम धाग्याने दिली. त्या सुटाची टिंगल मला म्हणूनच सहन होत नाही.

पुरुषांना हा पोशाख करायचा तर खर्च सुटावर करू नका, तो बसण्यावर करा. कोट छातीत नेमका, वेस्टकोट कमरेला घट्ट, पँट मांडीपर्यंत अंगासरशी आणि गुडघ्याखाली उघडणारी. पांढरा कपडा धुण्याच्या पावडरीने धुतलेला असेल तर क्लबच्या जांभळ्या, अतिनील दिव्याखाली निळसर चमकतो, कारण त्या पावडरीत चकाकी आणणारी द्रव्यं असतात. भाड्याच्या दिव्यांत असा दिवा असेल तर बाकी कशाची गरजच उरत नाही.

पाकिटातल्या गोष्टींकडे परत येते. शांतिचिन्हाचं लॉकेट, कपाळाची पट्टी, झालरी हे हिप्पींचं, साठीच्या शेवटच्या वर्षांतलं. ती मंडळी चिखलात अनवाणी उभी राहून गिटार ऐकणारी. गुळगुळीत जमिनीवर गिरक्या घेणाऱ्यांशी त्यांचं नातं दूरचं. फार उंच प्लॅटफॉर्मचे बूट सत्तरीच्या पहिल्या अर्ध्यात जोरात होते. स्टुडिओ ५४ च्या वेळेपर्यंत बायकांच्या पायांत बारीक पट्ट्यांच्या, टाचेच्या सँडल आल्या होत्या. सॅटिनचे झगमगते जंपसूट बऱ्याच अंशी रंगमंचावरचे. 'आबा' (ABBA) या स्वीडिश गायक-चमूच्या त्या अचाट पोशाखांबद्दल तर त्यांच्यातल्याच बियॉन उल्व्हेउस यांनी पुढे सांगितलं की स्वीडनमध्ये करसवलत हवी असेल तर कपडे रोजच्या वापरात घालता येणार नाहीत असे असावे लागत. नाचायला येणाऱ्या मुली त्यापेक्षा कितीतरी हुशारीने पोशाख करत: नृत्याच्या सरावाचा अंगालगत लिओटार्ड, त्यावर गुंडाळायचा घेरदार स्कर्ट. वर आवळ, खाली मोकळं. या जोडीइतकी नाचाला सोयीची जोडी दुसरी नाही, आणि आज ती कुठल्याही खेळाच्या कपड्यांच्या दुकानातून जमवता येते.

राहिला तो फुगलेल्या केसांचा टोप. तो घालू नका, एवढं मी प्रत्येकाला सांगते, आणि आग्रहाने सांगते. आफ्रो ही अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांनी साठीत स्वाभिमानाने मिरवलेली केशरचना. केस सरळ करून गोऱ्यांसारखं दिसायचं नाकारून त्यांनी ते वाढवले. १२ जुलै १९७९ ला शिकागोच्या कोमिस्की पार्कमध्ये बेसबॉलच्या दोन सामन्यांच्या मधल्या वेळात डिस्कोच्या तबकड्यांचा ढीग स्फोटाने उडवला गेला. ज्याने तबकडी आणली त्याला ९८ सेंटमध्ये प्रवेश. हजारो लोक मैदानात घुसले आणि दुसरा सामना रद्द झाला. लोकांनी आणलेल्या तबकड्यांमध्ये डिस्को नसलेल्या, पण कृष्णवर्णीय कलावंतांच्या तबकड्याही होत्या, असं तिथे काम करणाऱ्यांनी सांगितलं आहे. त्या रात्रीनंतर डिस्कोचे कपडे हा विनोद झाला. आजच्या पाकिटातला टोप मला त्याच विनोदाचा वारस वाटतो. ज्यांनी हा नाच घडवला त्यांच्या डोक्यावरचे केस आपण हसण्यासाठी घालावेत, हे मला पटत नाही. आपले केस आपल्याला आहेत. एका बाजूला घेऊन चापून बसवा, त्यात चमचमती पिन खोवा, झालं.

आपल्याकडे डिस्को उशिरा आला, आणि वेगळा होऊन आला. तिकडे त्याचं दहन झाल्यावर इकडे त्याचं बारसं झालं. १९८० मध्ये 'कुर्बानी'तल्या गाण्यासाठी लंडनमध्ये स्थिरावलेले, मूळ बंगळूरचे संगीतकार बिड्डू आणि शाळकरी वयाची गायिका नाझिया हसन एकत्र आले. त्याच वर्षी 'कर्ज'मध्ये ऋषी कपूर चंदेरी कपड्यांत फिरत्या तबकडीवर नाचला. १९८२ मध्ये 'डिस्को डान्सर' आला. मिथुनचा पांढरा, चंदेरी पोशाख, कपाळाची पट्टी आणि बप्पी लाहिरींची सोन्याची साखळी हे सगळं मुंबईचं, ऐंशीचं. म्हणून पोशाख मागणाऱ्याला मी आधी विचारते, कुठला डिस्को, सत्त्याहत्तरचं न्यूयॉर्क की ब्याऐंशीची मुंबई? दोन्हींची मला सारखीच ओढ आहे, पण ते एकत्र कालवले की दोन्ही फिके होतात. मुंबईचा हवा असेल तर कपाळपट्टी हक्काने बांधा.

आणि ब्याऐंशीच्या मुंबईसाठी सगळ्यात चांगलं दुकान म्हणजे घरातलं जुनं कपाट. टेरिलीन, टेरिकॉट हे शब्द आपल्या आधीच्या पिढीसाठी प्रतिष्ठेचे होते. लग्नातला टेरिवूलचा सूट, रुंद लेपलचा, माळ्यावरच्या ट्रंकेत अजूनही घडीसकट सापडतो. पॉलिएस्टरचा हा एक गुण मानावाच लागतो.

मागच्या गणपतीत आमच्या इमारतीतल्या एका वहिनींना रेट्रो कार्यक्रमात नाचायचं होतं. त्यांनी मागवलेला जंपसूट घेऊन त्या माझ्याकडे आल्या आणि म्हणाल्या, "अगं, हे घालून मला साधी फुगडीसुद्धा घालता यायची नाही." आम्ही दोघी मंगळदास मार्केटला गेलो. दुकानदार टिकल्यांचे तागे पुढे टाकत होता आणि मी म्हणत होते, दादा, साधं द्या, जड पडणारं द्या. शेवटी गडद जांभळं क्रेप मिळालं, हातात घेतलं की पाण्यासारखं सरकणारं. भुलेश्वरहून फक्त एक रुंद चंदेरी कडं घेतलं.

आमचे टेलर मास्टर वैतागले होते. "ताई, हे कापड धरून राहत नाही. एका बाजूला उतरतंय."

"उतरू दे, मास्टर. दोन दिवस टांगून ठेवा, काय उतरायचं ते उतरू दे. मग वहिनींना उभं करून खालची कड कापू."

"टांगून ठेवू? आणि तोवर शिवायचं काय?"

"काही नाही शिवायचं. शिवण कमीच आहे याला."

दोन दिवसांनी कापड एका बाजूला चांगलं चार बोटं खाली आलं होतं. मास्टरांनी जमिनीपासून फूटपट्टी लावून सगळीकडून सारख्या उंचीवर खडूने खुणा केल्या, कड कापली, आणि मग स्वतःहून म्हणाले, "वहिनी, जरा फिरा बघू." वहिनी फिरल्या. घेर उघडला, आणि त्या थांबल्यावर एक हेलकावा घेऊन बसला. मास्टरांनी पुन्हा फिरायला सांगितलं. मग त्यांनी कडेला दुमड घालायचं रद्द केलं. दुमडीच्या वजनाने घेर जड होईल म्हणाले, नुसती बारीक पिको करू.

आता नोव्हेंबरात एका मैत्रिणीच्या पन्नाशीसाठी बरोजच्या धर्तीचा पोशाख करायचाय: लाल आणि केशरी होजिअरी, शिवणींना हिरवा दोरा, बाह्यांना आणि खाली लहरती कड. मास्टरांना हिरवा दोरा पटलेला नाही. नमुन्याच्या तुकड्यावर त्यांनी तो घालून दाखवला, वर काळ्या दोऱ्याचाही एक तुकडा करून ठेवलाय, आणि दोन्ही दिव्याखाली धरून बघायचं ठरलंय.